शिवीवर अर्ध्या फुल्या मारून नेमकं काय झाकलं जातं?

कुळागर

नाटकाची संहिता, शिगम्याच्या गीतांचा संग्रह, बातमी, तक्रारीची प्रत, चित्रफितीखाली उमटणारा मजकूर. लिखाण कुठलंही असो, सवय एकच: शिवी आली की पहिलं अक्षर ठेवायचं, मधे फुल्या मारायच्या, शेवटचं अक्षर पुन्हा ठेवायचं. ही पद्धत सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे. शिव्या लिहायची हौस म्हणून हे म्हणत नाही. शिवी नको असेल तर ती काढा, हवी असेल तर लिहा. अर्धी झाकलेली शिवी कोणाचंच काम करत नाही.

देवनागरीत तर ती इंग्रजीपेक्षाही कमी झाकली जाते. इंग्रजीतल्या चार अक्षरांच्या शिवीत मधली दोन झाकली की निम्मा शब्द तरी जातो. आपल्या एका अक्षरात व्यंजन आणि स्वर दोन्ही असतात. तीन अक्षरी शिवीतलं मधलं एक झाकलं तर दोन तृतीयांश उच्चार उघडाच राहिला. त्यात मराठी शिव्यांना ठरावीक शेपट्या असतात: -खोर, -खाऊ, -च्या. 'ह××खोर' लिहिल्यावर ओळखायचं काय उरतं? 'ह'ने सुरू होणारी आणि 'खोर'ने संपणारी पाच अक्षरी शिवी एकच आहे. वाचणारा अर्ध्या क्षणात ती मनात पूर्ण उच्चारतो. म्हणजे ज्या उच्चारापासून त्याला वाचवायचं होतं तोच त्याच्याकडून करून घेतला.

शेपटी झाकावी तर वाक्य मोडतं. 'अरे ××××!' यात हाक एकाला मारली की अनेकांना, हे जातं. 'च्या' ठेवलं तर शिवी कळते, काढलं तर व्याकरण जातं.

वेगवेगळ्या कामांत प्रत्यक्ष काय करावं, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं.


खाजन

तांत्रिक बाजू मांडतो, कारण फुल्या मारण्याचं काम आता बरेचदा यंत्रच करतं आणि देवनागरीत ते हमखास बिघडतं.

'कि' डोळ्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकात ती दोन चिन्हं असतात: आधी क, मग ह्रस्व वेलांटी. वेलांटी डावीकडे दिसली तरी साठवली जाते क नंतर. रोमन लिपीसाठी लिहिलेली फिल्टरं एका चिन्हाला एक तारा या हिशेबाने चालतात. त्यांनी व्यंजनाच्या जागी तारा टाकला आणि मात्रा मागे राहिली की त्या मात्रेला धरायला व्यंजनच उरत नाही. मग स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि त्याला मात्रा लटकलेली दिसते. वाचणाऱ्याला वाटतं फॉन्ट बिघडला.

एक बारीक पण उपयोगी गोष्ट. 'फुली' म्हणजे मुळात ×, कीबोर्डवर ती सहज सापडत नाही म्हणून * आली. भारतीय लिप्यांच्या चिन्हांचं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, जे वर्गीकरण आहे त्यात × हे 'व्यंजनाच्या जागी बसणारं चिन्ह' म्हणून नोंदलेलं आहे. तारा तसा नोंदलेला नाही. म्हणून व्यंजन झाकून मात्रा दाखवायचीच असेल, समजा व्याकरणाच्या पुस्तकात, तर × वर ती बऱ्याच ठिकाणी नीट बसते. ताऱ्यावर बसत नाही.

अक्षरं मोजायची तर चिन्हं मोजू नयेत, पूर्ण अक्षरगट मोजावेत. जोडाक्षर एकच गट धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आला. त्याआधीची साधनं 'क्त'चे 'क्' आणि 'त' असे दोन तुकडे करतात. त्यामुळे एकाच शिवीवर एका यंत्रात तीन फुल्या पडतात आणि दुसऱ्यात चार.

शब्दसीमा हा दुसरा खड्डा. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या रेगेक्समधली (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातली) शब्दसीमा फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा ओळखते. देवनागरी तिच्या लेखी शब्दच नाही. पायथनच्या अंगभूत रेगेक्समध्ये देवनागरी व्यंजनं अक्षरं धरली जातात पण मात्रा धरल्या जात नाहीत, म्हणून शब्दाच्या मधोमध सीमा पडते. मग काम करणारे सीमा काढूनच टाकतात आणि नुसता तुकडा शोधतात. खरा घोळ तिथून सुरू होतो.


माटोळी

खाजनबाब, तो घोळ किती मोठा आहे हे उदाहरणांनीच सांगते.

गोव्यात जत्रेचं निमंत्रण बहुधा 'सालाबादप्रमाणे यंदाही' असं सुरू होतं. फिल्टरमध्ये 'साला' हा तुकडा टाकला की पहिल्याच शब्दावर फुल्या. 'मसाला' गेला, 'सालाझार' गेला. पोर्तुगीज राजवटीवरच्या लेखात हुकूमशहाचं नावच उरत नाही.

'गांड' टाकला की कृषी खात्याच्या माहितीपत्रातलं 'गांडूळखत' जातं, अर्जुनाचं 'गांडीव' जातं, आणि 'युगांडा' जातो. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून घालवलं, त्यांत गोंयकारही होते. त्यावरच्या मजकुरात देशाचं नाव 'यु****ा' असं उमटतं, शेवटचा काना लोंबकळत. 'लंड' टाकला की 'इंग्लंड', 'लंडन', 'थायलंड' सगळे गेले. इंग्लंडात कामाला गेलेल्या माणसांची इतकी घरं असलेल्या गोव्यात हे रोजचे शब्द आहेत.

'रांड' तर आणखी फसवा. 'व्हरांडा' आणि 'परांडा' जातात हे कळतं, पण 'ब्रांडी' का गेली हे डोळ्याला कळत नाही. कारण 'ब्र' हे आत ब, हलन्त, र असं तीन चिन्हांचं आहे आणि त्यातल्या र पासून यंत्राला हवा तो तुकडा सुरू होतो.

आणि 'चोद' हा तुकडा टाकणाऱ्यांनी गायत्री मंत्राचा शेवटचा शब्द एकदा म्हणून पाहावा: प्रचोदयात्. संध्येच्या पुस्तिकेतल्या मंत्रावर फुल्या पडणं हा पावित्र्य राखण्याचा मार्ग नाही.

इंग्रजीत याला स्कन्थॉर्पची अडचण म्हणतात. इंग्लंडमधल्या त्या गावाच्या नावातच एक शिवी दडलेली असल्याने १९९६ साली तिथल्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येत नव्हतं. इतकी वर्षं माहीत असलेली चूक मराठीत नव्याने करायचं कारण नाही.


खाजन

माटोळीताई, अगदी बरोबर. उपायही लिहून ठेवतो.

आधी मजकूर एका प्रमाण युनिकोड रूपात आणा. मग शून्य रुंदीची, डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हं तुलनेपुरती काढा. ती शब्दात पेरून फिल्टर चुकवणं फार सोपं असतं. मग रिकामी जागा, विरामचिन्हं आणि दंड (।) यांवर शब्द तोडा. प्रत्येक शब्दाची शेपटी उतरवा: ला, ने, चा, ची, चे, च्या, त, हून, नो. मूळ किंवा उरलेला शब्द यादीतल्या शब्दाशी पूर्णच्या पूर्ण जुळला तरच खूण करा. 'लंडन'मधला 'न' या यादीत नाही, म्हणून तो वाचतो. 'गांडूळ'मधला 'ळ'ही नाही. 'इंग्लंड' पूर्ण शब्द म्हणून जुळतच नाही.

खूण झाली तरी यंत्राने स्वतः फुल्या मारू नयेत. तो शब्द माणसाच्या डोळ्यांखाली घालावा. शिवी आहे की उद्धरण, की शिगम्याचं गीत, हे यंत्राला कळत नाही.


समई

सगळ्यांचं वाचलं. तरी फुल्यांची एक बाजू आहे, ती मांडते.

फुली ही लिहिणाऱ्याची मर्यादा असते. 'हा शब्द बोलला गेला, पण मी तो माझ्या हाताने लिहीत नाही' असं ती सांगते. घरात मोठ्यांसमोर आपण 'फुल्या फुल्या' असं तोंडानेही म्हणतो ना? त्यात फसवणूक नाही, आदर आहे. शिवाय ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रयोग केला होता. लोकांना शिवी, तिचं सौम्य नाव आणि साधे शब्द मोठ्याने म्हणायला लावले आणि त्वचेवरचा विद्युत प्रतिसाद मोजला. सौम्य नावापेक्षा खऱ्या शिवीला प्रतिसाद जास्त आला. अर्थ तोच, तरी शरीर वेगळं वागतं. मग झाकण्याने काहीच होत नाही असं कसं म्हणता?


कुळागर

समईताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

त्या प्रयोगात शिवीच्या जागी दुसरं नाव होतं. आपल्याकडे 'भकारी शिवी' म्हणतो, 'आईवरून शिवी' म्हणतो, तसं. त्या नावाला स्वतःचा उच्चार आहे. वाचणारा तोच उच्चारतो आणि मूळ शब्दाकडे जायची गरजच पडत नाही. तुम्ही म्हणता ते 'फुल्या फुल्या'सुद्धा तसंच आहे: एक पूर्ण, म्हणता येणारा शब्द. तुमचा दाखला वर्णनाच्या बाजूने उभा राहतो, आणि मलाही तेच हवं आहे. 'भा××ऊ' मात्र उच्चारताच येत नाही. वाचायला गेलं की खरा शब्दच तोंडी येतो.

मर्यादेचं म्हणाल तर 'त्याने आईवरून शिवी दिली' या वाक्यात मर्यादा पूर्ण सांभाळली जाते आणि माहितीही पूर्ण पोचते. फुल्यांत यातलं एकही धड होत नाही.

दुसरं असं, की फुल्यांच्या जागी वाचणारा सर्वांत जड शिवी भरतो. पेडण्याकडे मित्र मित्राला 'मेल्या' म्हणतो, 'रांडेच्या' म्हणतो, त्यात राग असतोच असं नाही. 'आवशीचो घोव' हेही तसंच. कोकणीत 'घोव' म्हणजे नवरा, रोजचा साधा शब्द. यावर '××××च्या' असं लिहिलं की फोंड्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक जण आपापल्याकडची सर्वांत वाईट शिवी तिथे बसवतो. दोन मित्रांमधला जिव्हाळा कागदावर मारामारी होऊन उतरतो.


समई

'वर्णन' हे फुल्यांहून सभ्य आहे, हे मान्य. पण लहान मुलं वाचणार असलेल्या ठिकाणी मी अजूनही शब्द पूर्ण लिहू देणार नाही.


कुळागर

तिथे तो नकोच. फुल्यांतूनही नको. आठ वर्षांच्या मुलाला 'गाळलेली अक्षरे भरा' हा प्रश्न शाळेत रोज सोडवायला देतात.


रापण

ध्वनीचं लिहितो. बीपचा प्रकारही हाच आहे, फक्त कानाला.

बहुतेक ठिकाणी बीप स्वरावर टाकतात आणि पहिलं व्यंजन बाहेर राहतं. 'भ'चा महाप्राण ऐकू आला, शेवटचा 'द' ऐकू आला, मधे एक हजार हर्ट्झचा सूर. काहीच झाकलं गेलं नाही. उलट १९७० साली रिचर्ड वॉरन या संशोधकाने दाखवून दिलं की वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकल्याचा आवाज ठेवला तर ऐकणाऱ्यांना शब्द सलग, पूर्ण ऐकू येतो. खोकला नेमका कुठे होता हेही सांगता येत नाही. खोकल्याऐवजी शांतता ठेवली तर मात्र तुटलेली जागा कळते. आवाजाने भरलेली फट मेंदू स्वतः बुजवतो. तेव्हा छोटा बीप शिवी पोचवायलाच मदत करतो.

झाकायचीच असेल तर अशी झाका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये तरंग मोठा करून शब्दाच्या पहिल्या व्यंजनाआधी सुमारे ५० मिलिसेकंद आणि शेवटच्या ध्वनीनंतर तेवढेच, असा संपूर्ण शब्द निवडा. आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या व्यंजनाकडे झुकलेला असतो, म्हणून ही मोकळीक लागते. कंट्रोल आणि एल दाबलं की निवडलेला भाग शांत होतो. टोक फुटल्यासारखं ऐकू येऊ नये म्हणून निवड केल्यावर झेड दाबून दोन्ही कडा शून्यरेषेवर आणा.

सूरच हवा असेल तर साइन, १००० हर्ट्झ. मूळ सेटिंग ४४० हर्ट्झ आणि तीव्रता ०.८ असं असतं. ०.८ म्हणजे कमाल पातळीच्या जेमतेम २ डेसिबल खाली. बोलणं साधारण उणे २० च्या आसपास असतं, त्यामुळे तो बीप कानात घुसतो. ०.१ ठेवलं की बरोबर उणे २० येतं.

आता विसरलं जातं ते. रंगमंचावर दोन-तीन माइक असतील तर शिवी दुसऱ्या माइकमध्येही शिरलेली असते. सगळे ट्रॅक झाका, सभागृहाची घुमी शेपटीसुद्धा. चित्र असेल तर ओठ पाहा: प, फ, ब, भ, म हे ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत, आणि आपल्या जड शिव्यांपैकी बऱ्याच इथूनच सुरू होतात. आवाज पूर्ण गेला तरी पहिलं अक्षर ओठांवर दिसतं. मूळ, न झाकलेली प्रत वेगळी ठेवायची, हे सांगायला नकोच.

आवाजात शिवी स्पष्ट ऐकू येते आणि खालच्या मजकुरात फुल्या, हा प्रकार सर्वांत अन्यायाचा. ऐकू येणाऱ्याला पूर्ण संवाद आणि बहिऱ्या प्रेक्षकाला अर्धा. आवाज जसा असेल तसाच मजकूर असायला हवा.


पडदा

नाटकाच्या संहितेबद्दल.

देवळाच्या मंडपात होणारं उत्सवी नाटक असो की स्पर्धेतला प्रयोग, प्रॉम्प्टरच्या प्रतीत फुल्या असू नयेत. विंगेतल्या मंद दिव्यात 'भ××' वाचून काय पुरवायचं हे प्रॉम्प्टरला क्षणात ठरवावं लागतं आणि तो अडखळतो. नट आपल्या मनाने शब्द भरतो, तालमीत एक आणि प्रयोगात दुसरा. समोरच्या नटाची वाक्य उचलण्याची खूण चुकते. दोन अक्षरी शिवी आणि पाच अक्षरी शिवी यांत वाक्याचा ठेकाच बदलतो, हास्य किंवा धक्का एक मात्रा उशिरा येतो.

उत्सवात समोर बायकापोरं, म्हातारी माणसं बसलेली असतात, तिथे शब्द सौम्य करणं योग्यच आहे. पण तो निर्णय तालमीआधी घ्या आणि सौम्य शब्द पूर्ण लिहा. मूळ शब्द मुख्य मजकुरात, पर्याय समासात, वर 'उत्सवी प्रयोग' अशी खूण. पर्याय निवडताना अक्षरसंख्या आणि आघात जुळवा. दोन अक्षरी शिवीच्या जागी 'मेल्या' किंवा 'साल्या' बसतो, तीन अक्षरी असेल तर 'गाढवा'. पात्राचा हुद्दा, गाव, राग यांच्याशी शब्द जुळला पाहिजे. सत्तरी तालुक्यातला गुराखी 'मूर्खा' म्हणत नाही.

लेखकाची परवानगी घेऊनच हे करावं. लेखक हयात नसेल तर छापील मूळ प्रत तशीच सोबत ठेवावी.


मानस

कायद्याच्या कागदांत अर्धी शिवी थेट नुकसान करते.

सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९४): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शांतता भंग व्हावी म्हणून हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला कलम ३५२, दोन वर्षांपर्यंत. शब्द अश्लील होता की नुसता शिवराळ, हे न्यायालय त्या शब्दावरून ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. तेव्हा तक्रारीत 'आरोपीने अ××× शिव्या दिल्या' असं लिहिलं तर न्यायालयाने तपासायचं काय? शब्द जसेच्या तसे, अवतरणात, कोण कोणाला म्हणालं आणि किती माणसांच्या समोर, हे सगळं लिहा.

तक्रार इंग्रजीत टाइप होत असेल तर शिवी रोमन लिपीत उतरते आणि मराठी-कोकणीतले दीर्घ स्वर, अनुस्वार, ट आणि त यांतले भेद नाहीसे होतात. शिवी देवनागरीत पूर्ण लिहून घ्या, पुढे अर्थ द्या.

जातीवरून दिलेल्या शिवीत तर फुल्या अजिबात चालणार नाहीत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ३(१)(आर) लोकांसमोर केलेल्या हेतुपुरस्सर अपमानासाठी आणि ३(१)(एस) जातीचं नाव घेऊन दिलेल्या शिवीसाठी आहे. जातीचं नाव घेतलं होतं की नाही यावरच यातला दुसरा गुन्हा उभा राहतो. तोच शब्द तक्रारदाराच्या कागदावर झाकणं म्हणजे पुरावा झाकणं.

हीच प्रत पुढे जाहीर करायची असेल तर पीडिताचं नाव-गाव झाका, आणि तेही पूर्ण. पीडीएफवर काळा चौकोन ओढून भागत नाही, खालचा मजकूर निवडून कॉपी केला की बाहेर येतो. स्कॅन केलेल्या प्रतीतसुद्धा चित्राखाली यंत्राने वाचलेल्या अक्षरांचा थर असू शकतो. मजकूर खरोखर काढून टाकणारं साधन वापरा, नाहीतर झाकलेलं पान छापून नव्याने स्कॅन करा. मग सगळं निवडा, कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा आणि पाहा काय उतरतं.


माटोळी

बातमीतही हाच फरक महत्त्वाचा आहे. 'म×××' या फुल्यांखाली मस्करीतली शिवी, आईवरची शिवी आणि जातीवाचक शिवी तिन्ही सारख्याच दिसतात, आणि त्यांत आकाशपाताळाचं अंतर आहे. 'जातीवाचक शिवीगाळ केली', 'आईबहिणीवरून शिव्या दिल्या', 'अपंगत्वावरून हिणवलं' ही वाक्यं घाण न उडवता नेमकं सांगतात. शब्दच बातमीचा गाभा असेल, समजा लोकप्रतिनिधी सभागृहात काही बोलला, तर एकदाच, पूर्ण, अवतरणात. मथळ्यात नको.


पाषाण

जुन्या लेखांचं सांगणं जरूर वाटतं.

शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगाळ महाराष्ट्रात आणि गोव्यातही सापडतात. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री यांचं चित्र. दान दिलेली जमीन जो हिरावेल त्याच्या आईला दिलेली शिवी दगडात कोरलेली असते, चित्रात आणि कधी अक्षरांतही. 'गाळ' म्हणजे शिवी. कोकणीत 'गाळी' हा शब्द आजही त्याच अर्थाने रोज बोलला जातो.

शिलाहार राजा अपरादित्याच्या परळच्या लेखात, शके ११०८ च्या, बहुतेक मजकूर संस्कृत आहे आणि शेवटची शापवाणी मराठीत. कारण उघड आहे: जमीन लाटणाऱ्याला ती कळायला हवी होती. त्यातलं क्रियापद 'झविजे'. मराठीच्या जुन्या रूपांचा अभ्यास करणाऱ्याला यातला '-इजे' प्रत्यय अनमोल आहे. शालेय किंवा लोकप्रिय लेखनात 'झ...' असं छापलं की शिवी सर्वांना कळतेच, फक्त प्रत्यय नाहीसा होतो. झाकायचं होतं ते राहिलं आणि राखायचं होतं ते गेलं. मोल्सवर्थच्या आणि दात्यांच्या कोशांत असे शब्द पूर्ण अक्षरांत दिले आहेत, कारण कोश उघडणारा तो शब्द शोधायलाच आलेला असतो.

कुळागरबाब, तुमच्या शिगम्याच्या गीतांना हेच लागू आहे. होळीपुढे शिव्या देणं हा त्या विधीचा भाग आहे. लिहून घेताना म्हणणाऱ्याच्या तोंडून आलं तसं पूर्ण लिहा: गाव, वाडा, कोणत्या दिवशी, कोणत्या मांडावर (गीतं म्हणायच्या ठरलेल्या जागी). प्रकाशित करताना गाळायचं ठरलं तर चौकटी कंसात '[एक शब्द, तीन अक्षरे, गाळला]' असं लिहा. छंद मोजणाऱ्याला जागा कळते आणि पूर्ण पाठ कुठे ठेवला आहे ते प्रस्तावनेत सांगता येतं. म्हणणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव मात्र देऊ नका.


वाट

एक बाजू कोणीच मांडली नाही: ज्याला शिवी खरोखर वाचायची नाही, त्याची.

अनेक अ‍ॅपमध्ये 'हे शब्द असलेला मजकूर दाखवू नका' अशी सोय असते. ज्या बाईला रोज एकाच शब्दाने छळलं जातं, ती तो शब्द त्या यादीत टाकते. समोरचा 'र×ड', 'रा××', 'रां*' असं लिहितो आणि प्रत्येक रूप तिच्या यादीतून निसटून तिच्या डोळ्यांपुढे येतं. शब्द पूर्ण लिहिला असता तर तो तिला दिसलाच नसता. सभ्यतेसाठी फुल्या मारणारा माणूसही तिच्याशी नकळत हेच करतो. तक्रार करताना जुना मजकूर शोधायचा तरी दहा रूपं शोधावी लागतात, आणि पुष्कळ शोधपेट्यांत * म्हणजे 'काहीही' असा अर्थ असल्याने भलतंच सापडतं.

अंध वाचकाचं स्क्रीन रीडर तर 'ह स्टार स्टार खोर' असं म्हणत जातं. डोळस माणूस आकारावरून ओळखतो, त्याला शब्दाचे तुकडे जुळवत बसावं लागतं.

मार्कडाउन (साध्या चिन्हांनी अक्षरं ठळक-तिरकी करायची पद्धत) चालणाऱ्या ठिकाणी आणखी एक चूक होते. दोन ताऱ्यांमधली अक्षरं तिथे तिरकी होतात, शब्दाच्या मधे असली तरी. 'ह*रा*म' असं लिहिलं तर दोन्ही तारे नाहीसे होतात आणि शब्द पूर्ण उमटतो, त्यातला 'रा' तिरका होऊन. झाकायला गेलेल्याने तो अधोरेखित केला.


समई

वाटताई, यादीतून निसटण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. ज्यांच्यासाठी मी मर्यादा म्हणत होते त्यांनाच ती नडते, हे पटलं. मग मुलांच्या शिबिरासाठी छापायच्या एकांकिकेत असा शब्द आला तर नेमकं काय लिहायचं?


पडदा

समईताई, शिबिराच्या प्रतीत पर्यायी शब्दच छापा, पूर्ण. पहिल्या पानावर एक ओळ: 'शिबिरासाठी संवादांत बदल केले आहेत, मूळ संहिता दिग्दर्शकाकडे आहे.' ज्या जागी पर्याय बसतच नाही तिथे संवाद काढून रंगसूचना लिहा: '(दात-ओठ खात पाठ फिरवतो.)' दहा-बारा वर्षांच्या नटाला ती करायला शिवीपेक्षा सोपी जाते, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचते.